एकाकी सभासदाचें बळ : हेन्री बी. गोन्झालेस

प्रातिनिधिक राज्यपद्धतीचा इतिहास वाचतांना आपली दृष्टि सहजच जिंकणाऱ्या पक्षांकडे व मंजूर झालेल्या कायद्यांकडे वळते. मतमोजणींत जो हरला, तो इतिहासांतूनही हरपला, असेंच बहुधा घडतें. परंतु कायदेमंडळांच्या आयुष्यांत असेही प्रसंग येतात, कीं ज्या वेळीं एकट्यादुकट्या सभासदाचा विरोध हाच त्या मंडळाच्या अब्रूचा आधार ठरतो. जो समाज कित्येक पिढ्या सत्तेबाहेर ठेवला गेला, त्याचा प्रतिनिधि प्रथमच सभागृहांत जाऊन बसला, तर त्यानें काय करावें? आपल्या समाजापुरतें पदरांत पाडून घ्यावें, कीं ज्या अन्यायाची झळ त्या घटकेस दुसऱ्यास लागत आहे, त्याच्याही आड उभें राहावें? हा प्रश्न कोणत्याही एका देशाचा नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत हेन्री बी. गोन्झालेस या गृहस्थांनीं त्याचें जें उत्तर दिलें, तें येथें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या चरित्राचें मर्म कळण्यास टेक्ससचा पूर्वेतिहास थोडा ध्यानांत घेतला पाहिजे. सॅन अँटोनिओ हें शहर स्पॅनिश लोकांनीं १७१८ सालीं वसविलें. १८२१ सालीं मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, तेव्हां हा प्रांत मेक्सिकोकडे आला. १८३६ सालीं तो मेक्सिकोपासून फुटला, आणि १८४५ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील झाला. टेक्ससच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत होसे अँतोनिओ नाव्हारो व फ्रान्सिस्को रुईस हे दोघे सॅन अँटोनिओचेच स्पॅनिशभाषी रहिवासी होते. नाव्हारो तर पुढें संस्थानाच्या सेनेटांतही बसले. हुआन सेगीन या दुसऱ्या पुढाऱ्यानें बंडांत टेक्ससच्या बाजूनें तरवार धरली, व १८४१ सालीं तो सॅन अँटोनिओचा नगराध्यक्ष झाला. पण पुढल्याच वर्षीं नव्यानें आलेल्या गोऱ्यांच्या रोषामुळें त्यास पद व गांव दोन्ही सोडून मेक्सिकोंत पळावें लागलें. त्यानंतर मेक्सिकन वंशाचा नगराध्यक्ष त्या शहरास १९८१ पर्यंत मिळाला नाहीं. ज्यांनीं घर बांधलें, त्यांनाच ओसरीवर बसावयाची पाळी यावी, तसें हें झालें.

ही पाळी आणणारीं साधनें मोठीं चतुराईचीं होतीं. मेक्सिकन वंशाच्या नागरिकांस मताचा हक्क नाहीं, असें कायद्यांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें. उलट, कायद्याच्या पुस्तकांत त्यांची गणना गोऱ्यांतच होत असे. पण १९०२ सालीं टेक्ससनें मतदारांवर डोईपट्टी बसविली. ही पट्टी आगाऊ भरल्यावांचून मत देतां येत नसे, आणि अक्रोडासारखीं पेकन नांवाचीं फळें फोडून दिवसाकाठीं कांहीं सेंट मिळविणाऱ्या मजुरास ती जड वाटे. या फळें फोडणाऱ्या हजारों मजुरांनीं १९३८ सालीं सॅन अँटोनिओंत जो संप केला, त्यावरून त्या शहराच्या पश्चिम भागांतील दारिद्र्याची कल्पना येते. शिवाय टेक्ससांत डेमोक्रॅटिक पक्षाचेंच एकछत्री राज्य असल्यामुळें त्या पक्षाची अंतर्गत निवडणूक हीच खरी निवडणूक होती, आणि १९४४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें बंदी करीपर्यंत तींत कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. उपहारगृहें, नाटकगृहें, पोहण्याचे तलाव व शाळा यांच्या बाबतींत मेक्सिकनांसही रूढीनें दूर ठेवण्यांत येत असे. अशा रीतीनें कागदावर गोरा व रस्त्यावर परका, अशी या समाजाची विलक्षण स्थिति होती.

हेन्री गोन्झालेस यांचा जन्म सॅन अँटोनिओ येथें ३ मे १९१६ रोजीं झाला. त्यांचे वडील लिओनिदेस हे मेक्सिकोंतील दुरांगो प्रांतांत मापिमी या गांवचे कारभारी होते. १९११ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत जीव वांचवून ते कुटुंबासह टेक्ससांत आले, आणि पुढें ‘ला प्रेन्सा’ या स्पॅनिश दैनिकाचे व्यवस्थापक संपादक झाले. परागंदा झालेल्या सुशिक्षितांची त्यांच्या घरीं नेहमीं बैठक असे. पोटापुरतें मिळत असलें, तरी राजकारण व वाङ्मय यांची चर्चा भरपूर, अशा घरांत हा मुलगा वाढला. घरांत स्पॅनिश व शाळेंत इंग्रजी अशा दोन भाषांत त्याची जीभ घडली. उच्चार शुद्ध व्हावेत म्हणून तो डिमॉस्थेनीसप्रमाणें तोंडांत खडे धरून भाषणाचा सराव करी, असें सांगतात. ही जीभच पुढें त्याचें मुख्य शस्त्र झाली, हें पाहतां ती आख्यायिका अगदींच निराधार वाटत नाहीं. १९४३ सालीं त्यांनीं सेंट मेरीज विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. महायुद्धाच्या काळांत लष्करी गुप्तवार्ता खात्यांत तारा व बिनतारी संदेश तपासण्याचें काम त्यांनीं केलें.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं बेक्सार जिल्ह्याच्या बालगुन्हेगार न्यायालयाचे मुख्य देखरेख-अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. न्यायालयापुढें येणाऱ्या मुलांत गोरीं, मेक्सिकन व कृष्णवर्णीय अशीं सर्वच मुलें असत. म्हणून आपल्या हाताखालीं एक कृष्णवर्णीय मदतनीस घ्यावा, असें त्यांनीं ठरविलें. वरिष्ठांनीं नकार देतांच त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला. पुढें सर्व जन्मभर ज्या स्वभावाची साक्ष पटावयाची, त्याची पहिली खूण येथेंच दिसते. आपल्या जातभाईंसाठीं भांडणारे पुष्कळ निघतात. दुसऱ्याच्या अपमानासाठीं आपली भाकरी सोडणारा विरळाच. त्यानंतर कांहीं काळ शहराच्या गृहनिर्माण खात्यांत त्यांनीं काम केलें. पश्चिम भागांतील झोपड्या, सांडपाणी, क्षयरोग, भाड्याची पिळवणूक हें सर्व त्यांनीं तेथें जवळून पाहिलें. १९५० सालीं ते संस्थानाच्या प्रतिनिधिसभेसाठीं उभे राहिले व पडले.

१९५३ सालीं त्यांस नगरसभेंत जागा मिळाली. ही जागा मिळविणें म्हणजे काय होतें, तें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. १९५१ च्या नव्या सनदेप्रमाणें सॅन अँटोनिओच्या नऊ सभासदांची निवडणूक वॉर्डावार होत नसे. प्रत्येक सभासदास सर्व शहराचीं मतें मिळवावीं लागत. मेक्सिकन वस्ती शहरांत फार मोठी होती, पण सर्व शहराच्या मतदारांत, डोईपट्टीच्या कृपेनें, ती अल्पसंख्य होती. म्हणजे पश्चिम भागाच्या उमेदवारास उत्तर भागांतील सुखवस्तु गोऱ्यांचीं मतें मिळाल्यावांचून गत्यंतर नव्हतें. या पद्धतीनें पुष्कळांस गुळगुळीत बोलण्याची संवय लावली असती. गोन्झालेस यांच्यावर मात्र तिचा परिणाम उलट झाला. शहरांतील सर्वांचीं मतें घेऊन आपण आलों आहों, तेव्हां सर्वांचा न्याय पाहणें हेंच आपलें काम, असा अर्थ त्यांनीं लावला. कांहीं काळ त्यांनीं उपनगराध्यक्षाचें कामही केलें. सार्वजनिक करांतून बांधलेलीं उद्यानें व तलाव करदात्यांपैकीं कांहींना खुले व कांहींना बंद, हा व्यवहार त्यांनीं सभेंत वारंवार उघडा पाडला. ज्या पाण्यास सर्वांचा पैसा लागला, त्या पाण्यास कोणाचा विटाळ होतो, हा प्रश्न कोठेंही विचारला, तरी उत्तर देणाऱ्यास खालीं पाहावें लागतें. अखेरीस १९५६ सालीं नगरसभेनें आपल्या ताब्यांतील सार्वजनिक जागांवरील वर्णभेद उठविला. दक्षिणेंतील इतर अनेक शहरांत हें होण्यास पुढें रस्त्यांवरच्या चळवळी व तुरुंगवास यांची गरज पडली, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या ठरावाचें महत्त्व कळेल.

त्याच वर्षीं ते संस्थानाच्या सेनेटसाठीं उभे राहिले आणि थोडक्या मतांनीं निवडून आले. शंभरांहून अधिक वर्षांत मेक्सिकन वंशाचा गृहस्थ टेक्ससच्या सेनेटांत बसण्याची ही पहिलीच वेळ. एकतीस सभासदांच्या त्या सभागृहांत ते दाखल झाले, तो काळ मोठा खवळलेला होता. मे १९५४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें शाळांतील वर्णभेद घटनाविरुद्ध ठरविला होता, आणि दक्षिणेंतील संस्थानें तो निर्णय निष्फळ करण्याच्या युक्त्या शोधीत होतीं. टेक्ससच्या कायदेमंडळापुढें १९५७ सालीं अशीं दहा बिलें आलीं. त्यांचा शब्द सौम्य, पण हेतु एकच : गोरीं व काळीं मुलें एका बाकावर बसूं नयेत.

येथें गोन्झालेस यांच्यापुढें एक सोपा मार्ग उघडा होता. ही बिलें उघडपणें कृष्णवर्णीयांना लक्षून होतीं. मेक्सिकन कायद्यानें गोरेच गणलेले. तेव्हां आपण त्यांत पडण्याचें कारण नाहीं, असें म्हणून त्यांनीं गप्प बसावयाचें ठरविलें असतें, तर त्यांस कोणीही दोष दिला नसता. त्यांच्या समाजांतील कित्येक शहाण्या पुढाऱ्यांचें धोरणही पूर्वीपासून असेंच होतें. ‘आम्हीही गोरेच आहों’ असें न्यायालयांत सिद्ध करून आपल्या मुलांस शाळेचें दार उघडावयाचें, हा त्यांचा मार्ग होता, आणि त्यास यशही आलें होतें. पण या मार्गांत एक गर्भित कबुली आहे. जो गोरा नाहीं त्यास बाहेर ठेवणें योग्य, आमची गणना मात्र त्यांत करूं नका, असा त्याचा तर्कशुद्ध अर्थ होतो. गोन्झालेस यांस ही कबुली मान्य नव्हती.

मे महिन्याच्या आरंभीं बिलांची चर्चा सुरू झाली. टेक्ससच्या सेनेटांत सभासदानें एकदां बोलावयास आरंभ केला, कीं तो उभा राहून बोलूं शकेल तोंवर त्यास थांबवितां येत नाहीं. लरेडोचे सेनेटर एब्राहम केझन हे लेबानी वंशाचे गृहस्थ गोन्झालेस यांस येऊन मिळाले. दोघांनीं मिळून सभागृह छत्तीस तास अडवून धरलें, व त्यांपैकीं बावीस तास एकटे गोन्झालेस बोलले. टेक्ससच्या सेनेटांत इतका लांबलेला विरोध तोंपर्यंत कोणी पाहिला नव्हता. केवळ वेळ काढण्यासाठीं बाष्कळ बडबड करणारे सभासद पुष्कळ असतात. गोन्झालेस यांचें बोलणें त्या जातीचें नव्हतें. त्यांनीं टेक्ससचा इतिहासच सेनेटरांपुढें उलगडून ठेवला. ज्या गोन्झालेस गांवीं १८३५ सालीं टेक्ससच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली, त्या गांवास हें नांव देण्यांत आलें, तें हें नांव मानाचें होतें म्हणूनच ना, असें त्यांनीं विचारलें. टेक्सस वसविण्यांत कृष्णवर्णीयांचाही हात होता, याची त्यांनीं आठवण दिली. ज्या पूर्वजांचा अभिमान सांगून हीं बिलें आणलीं होतीं, त्या पूर्वजांतच काळे व मेक्सिकन होते, असा हा युक्तिवाद होता. प्रतिपक्षाच्या शस्त्रागारांतील शस्त्र घेऊन त्याच्यावरच चालविण्याची ही कला वक्तृत्वाच्या शिक्षकांनीं अभ्यासण्यासारखी आहे.

परिणाम काय झाला? दहांपैकीं आठ बिलें त्या वर्षीं बारगळलीं. दोन मात्र मंजूर झालीं, आणि गव्हर्नर प्राइस डॅनियल यांनीं त्यांवर सही केली. तेव्हां हा पूर्ण विजय होता असें म्हणतां येत नाहीं. पण संख्याबळ पाहिलें, तर एकतीसांत दोघांच्या हटवादीपणानें आठ बिलें अडलीं, ही गोष्ट लहान नव्हे. आणि याहून एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. बिलें मुकाट्यानें मंजूर झालीं असतीं, तर संस्थानाचें मत एकच आहे असें जगास दिसलें असतें. त्या दोन रात्रींनंतर तसें म्हणण्याची सोय उरली नाहीं. अन्यायास एकमताचा पोशाख चढूं न देणें, हें एकट्या सभासदाच्या हातीं असलेलें फार मोठें काम आहे.

१९५८ सालीं गोन्झालेस यांनीं गव्हर्नरपदासाठीं प्रत्यक्ष डॅनियल यांनाच पक्षांतर्गत निवडणुकींत आव्हान दिलें. पैसा नाहीं, वर्तमानपत्रांचा पाठिंबा नाहीं. आपल्या मोटारींतून ते संस्थानभर हिंडले. डॅनियल सहज जिंकले. गोन्झालेस यांस अडीच लाखांच्या आसपास मतें पडलीं आणि ते दुसरे आले; पूर्वीं गव्हर्नर होऊन गेलेले ओडॅनियल यांच्यासारखा प्रसिद्ध माणूसही त्यांच्या मागें राहिला. लिंडन जॉन्सन उपराष्ट्राध्यक्ष झाल्यामुळें राष्ट्रीय सेनेटांतील त्यांची जागा रिकामी झाली. १९६१ सालीं तिच्यासाठीं सत्तरांवर उमेदवार उभे राहिले. त्यांत गोन्झालेस सहावे आले. दोन पराभव झाले, परंतु या दोन दौऱ्यांनीं सॅन अँटोनिओच्या नगरसभासदास सर्व टेक्ससभर ओळखीचें केलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत झालेल्या पोटनिवडणुकींत ते राष्ट्रीय प्रतिनिधिसभेंत निवडून गेले. त्यांच्या प्रचारास स्वतः जॉन्सन आले, आणि मेक्सिकोचे लाडके विनोदी नट कांतिंफ्लास हेही आले. टेक्ससांतून तेथें जाणारे मेक्सिकन वंशाचे ते पहिले सभासद.

वॉशिंग्टनमधील त्यांच्या सदतीस वर्षांचा वृत्तांत देणें हा या लेखाचा हेतु नाहीं. एवढेंच सांगितलें पाहिजे, कीं तेथें जातांच त्यांनीं डोईपट्टी रद्द करण्याचा प्रश्न हातीं घेतला. १९६४ सालीं घटनादुरुस्तीनें राष्ट्रीय निवडणुकींपुरती, व १९६६ सालीं न्यायालयाच्या निकालानें टेक्ससच्या संस्थानी निवडणुकींतही, ही पट्टी नाहींशी झाली. १९८९ पासून १९९५ पर्यंत ते बँकिंग समितीचे अध्यक्ष होते, आणि बुडालेल्या बचतपेढ्यांच्या प्रकरणांत धनिक व अधिकारी यांची भीड न धरतां त्यांनीं चौकशी केली. १९९९ च्या आरंभीं ते निवृत्त झाले; त्यांच्या जागीं त्यांचा पुत्र चार्ल्स निवडून आला. २८ नोव्हेंबर २००० रोजीं त्यांचें निधन झालें.

या चरित्राची एक बाजू मात्र झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सॅन अँटोनिओंत मेक्सिकन तरुणांची एक तिखट पिढी पुढें आली. आपण वेगळे आहों, आपली संघटना वेगळी पाहिजे, पक्षही वेगळा पाहिजे, असें ती म्हणूं लागली. गोन्झालेस यांनीं १९६९ सालीं प्रतिनिधिसभेंत या तरुणांवर वंशद्वेषाचा आरोप करून कडक भाषणें केलीं. गोऱ्यांचा द्वेष काळ्यांस व मेक्सिकनांस लागूं नये, तसा मेक्सिकनांचा द्वेष गोऱ्यांसही लागूं नये, हें त्यांचें तत्त्व १९५७ च्या भाषणाशीं पूर्ण सुसंगत होतें. परंतु तत्त्वाची सुसंगति व परिस्थितीचें ज्ञान या दोन गोष्टी निराळ्या आहेत. सर्व शहराचीं मतें घेऊन स्वतः निवडून आलेल्या माणसास, ज्या पद्धतीनें शेंकडों दुसऱ्यांना बाहेर ठेवलें, तिचा जाच पुरेसा जाणवला नसावा. ती पद्धत मोडली संघटनेनेंच. ज्या तरुणांवर त्यांचा रोष होता, त्यांच्यांतलेच एक विली व्हेलास्केस यांनीं १९७४ सालीं मतदार-नोंदणीची मोठी संस्था सॅन अँटोनिओंत काढली. १९७५ सालीं मतदान-हक्काचा राष्ट्रीय कायदा टेक्ससला लागू झाला. १९७७ सालीं नगरसभेच्या जागा वॉर्डावार झाल्या, आणि १९८१ सालीं हेन्री सिस्नेरोस हे सेगीननंतरचे पहिले मेक्सिकन वंशाचे नगराध्यक्ष झाले.

मग यांत खरें कोणाचें? आम्हांस असें वाटतें, कीं दोघांनाही एकमेकांची जितकी चीड होती, त्याहून अधिक गरज होती. संघटनेवांचून एकट्या सभासदाचें बळ त्याच्या आवाजाबरोबर संपतें. बावीस तासांनंतर का होईना, माणसास बसावें लागतें. पण ज्या संघटनेच्या पुढाऱ्यांत दुसऱ्याच्या अन्यायासाठीं उभें राहण्याची शक्ति नाहीं, तिला जागा मिळाल्या तरी त्या जागांवर बसून ती काय करील, याचा भरवंसा देतां येत नाहीं. १९५७ सालीं टेक्ससच्या सेनेटांत कृष्णवर्णीय सभासद एकही नव्हता. त्यांच्या मुलांच्या शाळेसाठीं तेथें जे दोघे बोलले, त्यांत एक मेक्सिकन व एक लेबानी घराण्यांतला होता. ज्यांना स्वतःचा प्रतिनिधि नाहीं, त्यांचाही आपण प्रतिनिधि आहों, असें समजणारे दोन सभासद त्या दिवशीं सभागृहांत होते, म्हणून आठ बिलें पडलीं. कोणत्याही कायदेमंडळाची परीक्षा करतांना, असे सभासद त्यांत किती आहेत, हें आम्हीं प्रथम मोजूं.